दुःखहरणाची माणके

एका राज्यात विरोचन नावाचा माणूस होता. राजवैद्याच्या घरी तो मुळ्या कुटी, काढे उकळी. तिथे त्याने एक गोष्ट पाहिली, की वेदना थांबवणाऱ्याचे पाय लोक सोडीत नाहीत. वैद्य साधा होता, त्याला त्याचे काही वाटत नसे. विरोचनाला मात्र वाटे, लोकांनी असे माझे पाय धरावेत.

मग तो रान तुडवीत एका मांत्रिकाकडे गेला आणि बारा वर्षे त्याची सेवा केली. मांत्रिकाने त्याला विद्या दिली. माणसाच्या छातीवर हात ठेवावा, मंत्र म्हणावा, की आतले दुःख लाल माणिक होऊन हातात येई. मांत्रिकाने बजावले, "मरणाच्या दारात असेल त्याच्यासाठीच ही विद्या वापर. दुःख गेले की माया जाते, मायेबरोबर आठवणही जाते. ज्याला जगायचे, त्याला माया लागते."

विरोचनाने मान डोलावली, आणि त्याच दुपारी गुरूला कड्यावरून लोटले. पडता पडता मांत्रिक म्हणाला, "ज्या दिवशी एखादा आपले दुःख आपल्या तोंडाने परत मागेल, त्या दिवशी तुझी विद्या सरेल." विरोचन हसला. दुःख कोण परत मागतो? झाडावर मांत्रिकाची साळुंकी बसली होती. तिने सारे पाहिले, सारे ऐकले.

विरोचन नगरात आला आणि दुःखहरणस्वामी झाला. मूल गेलेली एक आई रडत होती. स्वामीने तिच्या छातीवर हात ठेवला, माणिक काढले, आणि आई हसत घरी गेली. मग रांगा लागल्या. टेकडीवर मठ उभा राहिला. भक्त घर विसरले, शेत विसरले. आतल्या ओवऱ्यांत तरुण मुली सेवेला जात, आणि त्या परत का येत नाहीत असे त्यांचे आईबापही विचारीत नसत.

कोणी विचारलेच, तर स्वामी शांतपणे म्हणे, "हा तुमचे सुख हिरावायला आला आहे." भक्त उठत, त्या माणसाला टेकडीखालच्या डोहात बुडवीत आणि जेवायला परत येत. ज्याला दुःख नाही त्याला दयाही येत नाही. अशी अकरा माणसे बुडाली. राजा मणिकेतूची राणी वारली तेव्हा त्यानेही आपले दुःख स्वामीला दिले, आणि त्यापाठोपाठ राजमुद्राही दिली.

बुडालेल्यांत अकरावा हरबा कुंभार होता. पुतणीला मठातून आणायला गेला, म्हणून बुडाला. त्याला पाण्याखाली धरणारा रायभान हा त्याच्या बायकोचा सख्खा भाऊ.

हरबाच्या बायकोचे नाव तुळजा. वर्ष झाले तरी तिचे रडणे थांबेना, तेव्हा स्वामी स्वतः तिच्या दारी आला आणि म्हणाला, "बाई, तुझे दुःख मला दे."

तुळजा म्हणाली, "तेवढाच तो माझ्याजवळ उरला आहे. देत नाही."

स्वामी गेला. तेव्हा साळुंकी कौलावर येऊन बसली आणि तिने तुळजाला मांत्रिकाचे शेवटचे शब्द सांगितले. म्हणाली, "तीन कामे आहेत. मठामागच्या ज्या गुहेत स्वामी माणके ठेवतो, तिथे शिरायचे. परक्याचे माणिक उचलून बाहेर आणायचे. आणि त्याच्या धन्याने ते आपणहून मागायचे. पहिली दोन कठीण आहेत. तिसरे तुझ्या हातात नाही."

"दोन तर करते," तुळजा म्हणाली.

गुहेच्या तोंडाशी दगडी वाघ होता. खोटे बोलणाऱ्याला तो गिळी. त्याने विचारले, "कशाला आलीस?"

"चोरी करायला."

वाघ बाजूला सरला.

आत माणकांचा ढीग होता. जे हाती घ्यावे त्यातून त्याच्या धन्याचे दुःख ऐकू येई. एकातून म्हातारा कण्हत होता, एकातून राजा राणीला हाका मारीत होता. तिसऱ्यातून एक लहान मूल खोकले. तो खोकला तुळजाने ओळखला. रायभानची मंजुळा चार वर्षांची होऊन तापाने गेली होती, तेव्हा उशाशी तुळजाच बसली होती.

ते माणिक हातात धरून ती उभी राहिली. ज्याने नवरा बुडवला, त्याचे हे दुःख. दगडावर आपटून फोडावे असे तिला वाटले. पण हातात बापाची छाती फुटत होती, आणि ती आता तिचीही फुटत होती. भिंतीला धरून ती रडली, मग माणिक पदरात बांधून बाहेर आली.

भर दुपारी ती मठाच्या सभेत गेली. स्वामीने तिला पाहिले, तिचा पदर पाहिला, आणि घाईने म्हणाला, "हिला डोहात न्या. रायभान, तूच ने."

रायभानने तिचा दंड धरला आणि पायऱ्या उतरू लागला. मागून सारे भक्त आले.

तुळजा म्हणाली, "दादा, तुला मुलगी होती."

"होती म्हणतात."

"तुझ्या पावलांवर पावले ठेवून चालायची. तू दोन्ही हात धरायचास."

"मला आठवत नाही."

"आठवावेसे वाटते का?"

पाणी घोट्याला लागले होते. रायभान आपल्या पावलांकडे पाहत राहिला. मग त्याने विचारले, "आठवले तर दुखेल?"

"फार दुखेल. आणि तू या पाण्यात काय केलेस तेही दुखेल. मी खोटे सांगणार नाही."

"तिचे नाव काय होते?"

"ते याच्यात आहे," तुळजा म्हणाली आणि पदराची गाठ पुढे केली.

वरून स्वामी ओरडला. रायभानने हात पसरला. "दे. माझे आहे ते."

माणिक तळहातावर विरघळले. "मंजुळा," रायभान म्हणाला. मग त्याने पाण्याकडे पाहिले आणि तो गुडघ्यांवर कोसळला.

गुहेतून साऱ्या माणकांचा थवा उठला आणि ज्याचे माणिक त्याच्या छातीत शिरले. टेकडीभर हंबरडा उठला. आयांनी ओवऱ्यांची दारे फोडून मुली बाहेर काढल्या. जे धनी मरून गेले होते, त्यांची माणके विरोचनाच्या छातीत शिरली. जन्मात प्रथमच त्याला दुसऱ्याचे दुखले, आणि त्याला उभे राहवेना.

राजा मणिकेतू अनवाणी आला. म्हणाला, "मुद्रा दिली, तो अपराध माझा. माणसे मारलीस, तो तुझा." विरोचन जन्मभरासाठी गडावरच्या कोठडीत गेला. त्याच्याजवळची विद्या सरली होती, दुःखे तेवढी राहिली.

मग राजाने बुडवणाऱ्यांना आज्ञा दिली, "अकरा जणांच्या अस्थी वर काढा. त्यांच्या घरच्यांपुढे ठेवा. मग ते सांगतील ती शिक्षा."

रायभान रोज डोहात उतरे. नवव्या दिवशी त्याने हरबाच्या अस्थी आणून तुळजापुढे ठेवल्या आणि मान खाली घालून म्हणाला, "शिक्षा सांग."

तुळजाने अस्थी मडक्यात भरल्या, वर फडके बांधले. मग म्हणाली, "अजून दोघे पाण्यात आहेत, दादा. त्यांची माणसे काठावर बसली आहेत. जा, उतर."

रायभान पुन्हा पाण्यात उतरला. राजाने अंगरखा काढून काठावर ठेवला आणि तोही त्याच्यामागे उतरला.