पांढरं पेन

"चाचा, आणखी पांढरा कुठं मारू? लवकर सांगा, पाचची गाडी आहे."

उस्मानचाचा शिकलगार खाली मान घालून रबर कोरत होते. जन्म गेला हापिसांचे शिक्के करण्यात, आता म्हातारपणी फुलं-पाखरं कोरायचं वेड लागलेलं. मिरजेतल्या कितीतरी घरांतली शुभेच्छांची कार्डं त्यांच्या शिक्क्याखालनं निघायची.

समोर हेमलता माळवदे. बसलेली म्हणायची, पण तव्यावरच्या लाहीगत उडत होती. शाळेत चित्रकलेची बाई, जिल्ह्यात पहिलं बक्षीस. चाचांकडं शिकायला यायची, पण दारातनं आधी नाक आत यायचं, मागनं बाई.

कार्ड जायचं होतं सुलूला, धाकट्या बहिणीला. तीन वर्षं दोघींत बोलणं न्हाई. सुलूनं आपल्या मनानं लग्न ठरवलं, तर ही म्हणाली, "माझं तोंड बघू नको." आन् लग्नाला गेलीच न्हाई. आता सुलूला मुलगी झालेली, उद्या बारसं. बोलावणं आलं न्हवतं. शेजारची कमळाकाकू पाचच्या गाडीनं सुलूच्याच गावाला निघालेली, तिच्या हाती कार्ड द्यायचं.

चार दिवसांत सात कार्डं फाडून झाली. हे आठवं. जास्वंदीचा शिक्का, आत लाल रंग, कडेला गडद, आन् पाची पाकळ्यांवर पांढऱ्या पेनाच्या रेघा.

"एवढं करून फूल मेल्यागत दिसतंय."

चाचांनी कार्ड लांब धरलं. जवळ धरलं. उलटं धरलं.

"बाई, तुमच्या गावात सूर्य किती?"

"म्हणजे?"

"ही पाकळी डावीकडनं चमकती. ही उजवीकडनं. ह्या खालचीला तर चुलीतनं उजेड आलाय."

हेमाचं नाक लाल झालं. "परीक्षकांनी ह्याच कामाला पहिलं बक्षीस दिलंय."

"दिलं असंल. त्यांना कुठं बारशाला जायचं होतं?"

…

चाचांनी नवं कार्ड घेतलं, शिक्का शाईच्या गादीवर टेकवला, दाबला, उचलला. कोरी जास्वंद.

"सूर्य एकच. वर, डाव्या हाताला. त्याच्या बाजूला रंग लावू नका. कागद तसाच सोडा."

"कोराच? अर्धवट राहिल्यासारखं दिसेल!"

"दिसू द्या."

तिनं ब्रश ओला केला. लाल भरला. डावीकडं एवढीएवढीशी जागा सोडली, पण हात काय गप बसंना. पांढऱ्या पेनाकडं हात गेला…

पेन न्हाई!

चटईखाली बघितलं. पिशवी उपडी केली. चाचांना उठवून त्यांच्या बुडाखाली बघितलं.

"चाचा, माझं पेन?"

"कसलं पेन?" चाचांचं तोंड दूध प्यालेल्या मांजराचं.

घड्याळात पाचाला वीस कमी. शोधत बसायला सवड न्हाई. तिनं चरफडत रंगावर फुंकर मारली, कार्ड समोर धरलं… आन् थबकली.

सोडलेल्या कागदावर ऊन पडल्यागत दिसत होतं. जास्वंद जिवंत.

"जमलं!" ती उठली, पिशवी खांद्याला, एक पाय चपलेत. "येते चाचा, गाडी जाईल."

"थांबा. बघू दे."

चाचांनी कार्ड घेतलं. फुलाकडं बघितलंच न्हाई. कार्ड उघडलं.

आत कोरं.

"हितं काय?"

"तिथं… काही नाही. फूल बोलतंय की."

चाचांनी कार्ड तसंच उघडं तिच्यापुढं धरलं.

"एवढं राबलेय मी चार दिवस. तिला कळेल."

चाचांनी कोऱ्या पानावर बोट टेकवलं.

"काय लिहू चाचा?" तिचा आवाज एकदम बारीक झाला. "लिहायला घेतलं की हात उचलत नाही. म्हणून आधी फूल करते म्हटलं. मग दुसरं. मग तिसरं…"

लांब स्टँडाकडं एक गाडी भोंगा देऊन गेली. तिचा पाय चपलेतनं निघाला, परत चपलेत गेला.

चाचांनी टोपी मागं सरकवली, कानामागनं पांढरं पेन काढलं आन् उघड्या कार्डावर ठेवलं.

"घ्या. लिहा."

हेमा बघतच राहिली. "चाचा, चेष्टा करता का? पांढऱ्या कागदावर पांढरं लिहिलं तर तिला दिसणार कसं?"

"मग चार दिवस कशानं लिहीत होता, बाई?"