राजपुत्राची चुंबळ

तटाच्या कामासाठी बायजाचं नाव निघालं तेव्हा बायजा सागरगोटे खेळत होती. वय नऊ, पण उंची ताडमाड. शिपायाने तिला नजरेनेच मोजलं आणि सांगितलं, "सोमवारपासून दगड वाहायला यायचं."

बायजाचा बाप गुणाजी गयावया करू लागला. "नऊ वर्सांची हाय ती. बारा वर्सांखालच्यांना काम माफ हाय न्हवं?"

"माफ आहे की. पण दप्तरात जन्म लिहिलेल्यांना. जो दप्तरात नाही, तो मूल नाही. राजेसाहेबांचा हुकूम!"

बायजाचा जन्म दप्तरात नव्हता. खरं सांगायचं तर अख्ख्या साळवगडात कुणाच्याच पोराचा नव्हता. मूल झालं की दहा दिवसांत घरच्या माणसाने दप्तरात येऊन नोंद करावी, असं मानाजीराजांनी दहा वर्षांपूर्वी फर्मावलं होतं. हुकूम सोन्यासारखा, पण दप्तरदार विसाजीपंत पडले कडक सोवळ्याचे. मूल झालेल्या घराला दहा दिवस सोयर, आणि सोयर असलेल्याला दप्तराच्या उंबऱ्याच्या आत बंदी! अकराव्या दिवशी सोयर फिटून बाप अंघोळ करून आला की पंत म्हणत, "मुदत टळली." आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना! दहा वर्षांत जन्मवहीत एक ओळ उमटली नाही. वहीला कसर लागू नये म्हणून पंत कडुनिंबाचा पाला मात्र नेमाने बदलत.

बायजाला या जगात आणलं होतं ठकूबाई सुईणीने. गावातली निम्मी पोरं तिच्याच हातची. कितीतरी बापांना घेऊन ती त्या उंबऱ्यापर्यंत गेली होती. दर वेळी पंत दारातली लाल वही उघडून काहीतरी खरडत आणि बापाला वाटेला लावत. बायजाची बातमी ऐकून ठकूबाईचं डोकं फिरलं. तिने घरातल्या रेशमी चिंध्या गोळा केल्या, काहीतरी शिवलं आणि शनिवारी थेट राजाची सदर गाठली.

राजवाड्यात आनंदीआनंद होता. राणीसाहेबांना मुलगा झाला होता, तोही ठकूबाईच्याच हातून, आणि आज नववा दिवस होता. सोयर म्हणून राजे गादी सोडून बाजूला घोंगडीवर बसले होते.

ठकूबाईने मुजरा केला आणि ओटीतून एक इवलीशी चुंबळ काढून पुढे ठेवली.

"हे काय?" राजांनी विचारलं.

"बाळराजांची चुंबळ, सरकार. परवा सोमवार, अकरावा दिवस. तटावर दगड वाहायचे न्हवं त्येंनी? टाळू भरली न्हाई अजून, म्हणून मऊ शिवली."

राजे कडाडले, "शुद्धीवर आहेस का, म्हातारे? आमचा मुलगा नऊ दिवसांचा आहे!"

"ते तुम्ही म्हणता. दप्तर कुठं म्हणतंय? आन् जो दप्तरात न्हाई त्यो मूल न्हाई. म्हणून तर गुणाजीच्या नऊ वर्सांच्या बायजालाबी सोमवारपासनं दगड वाहायला बोलावलंय."

राजांनी पंतांकडे पाहिलं. "नोंद का नाही?"

"परवा सरकार स्वतः आला होतात," पंत खाली मान घालून म्हणाले. "पण सरकारांना सोयर. उंबऱ्यावरूनच..."

कुणीतरी हसू दाबायला खोकलं. राजांचे कान लाल झाले. चूक कळली होती, पण भर सदरेत स्वतःचा हुकूम गिळायचा कसा? त्यांनी सगळा राग ठकूबाईवर काढला.

"एवढी शहाणी आहेस ना? मग आमचा मुलगा जन्मल्याचा पुरावा दप्तरातूनच काढ. पंतांच्या हातचा हवा, मुदतीतला हवा आणि सोयर असलेल्याने उंबरा ओलांडलेला नसावा. जमलं तर ती पोर सुटली. नाही जमलं तर तिच्या जोडीला तूही दगड वाहा."

"आत्ता देते की. पंत, वही आणा."

"जन्मवही? ती कोरी आहे."

"ऱ्हाऊ द्या कोरी. दारातली लाल आणा."

पंत चाचरले. "ती सोयर-वही. सोयर म्हणून कुणाला परत पाठवलं, ते लिहिण्याची. तिचा इथे काय संबंध?"

"वाचा तर खरं. मला कुठं अक्षर कळतंय?"

वही आली. पंतांनी शेवटची ओळ वाचली, "गुरुवार. श्रीमंत मानाजीराजे. घरी गेल्या शुक्रवारी मुलगा. सोयर. उंबऱ्यावरून परत."

"आता नऊ वर्सं मागं जावा. गुणाजीचं नाव काढा."

पानं फडफडली. पंतांचा आवाज बारीक झाला. "गुणाजी. घरी चैत्र वद्य तृतीयेला मुलगी. सोयर. परत."

ठकूबाई राजांकडे वळली. "पंतांनी पोर एकबी लिवलं न्हाई, पर सोयर एकबी सोडलं न्हाई. बायजा जन्मलीच नव्हती, तर पंतांनी सोयर कुणाचं धरलं, सरकार? आन् बाळराजं जन्मलेच न्हाईत, तर गादी सोडून तुम्ही घोंगडीवर का बसलाय?"

राजांनी घोंगडीकडे पाहिलं, चुंबळीकडे पाहिलं आणि ते असे खदखदून हसले की डोळ्यांना पाणी आलं.

"पंत, आजपासून ही लाल वहीच जन्मवही. हिच्यातली सगळी पोरं आमची, बारा वर्षांखालच्या एकालाही दगड वाहावा लागणार नाही. यापुढे वर्दी सुईण देईल, तिला सोयर नसतं. आणि तुमची बैठक उंबऱ्याबाहेर!" त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून ठकूबाईला दिलं.

"आन् ही चुंबळ? परत न्हेऊ?"

"छे! ती पंतांना दे. पोरांची नावं लिहायची राहिलीत. वही डोक्यावर घेऊन घरोघरी जातील."

सोमवारी पंत लाल वही डोक्यावर घेऊन पहिल्याच दारात उभे राहिले. बायजा ओसरीवर सागरगोटे खेळत होती.

"नाव सांग पोरी," म्हणत पंतांनी पाय उचलला.

"बायजा. पर उंबऱ्याबाहेरच थांबा, पंतकाका," ती सागरगोटा झेलत म्हणाली. "आमची म्हैस काल व्यालीय. सोयर हाय."