सासूचा उतार

नदी जिथे पसरट होऊन खडकांवरून वाहते, त्या जागेला अमेरिकेतले शायेन आदिवासी ‘सासूचा उतार’ म्हणतात. टेकाडावर राहणारी एक म्हातारी आलेल्या पाहुण्यांना काठावर उभं करते, पाण्यातली वाट दाखवते आणि मगच सांगायला लागते.

भुरा ससाणा हा त्या काळचा टोळीचा मुखिया. दक्षिणेच्या परक्या मुलखात डांबलेली आपली माणसं घेऊन तो उत्तरेला, घरी निघाला होता. मागावर गोऱ्यांचे सैनिक होते. नदीपाशी आले, तर बर्फ वितळून पाणी दुथडी भरलेलं. शेवटचं माणूस पार होईपर्यंत थांबणार नाही, अशी त्याने शपथ घेतली, म्हणे. आपल्या तांबड्या घोडीवरून तो एकेकाला पलीकडे नेऊ लागला. लेकुरवाळ्या गेल्या, जखमी गेले. मागच्या माळावर घोडेस्वारांची रांग दिसली, तेव्हा अलीकडे एकटी रानवेल उरली होती. त्याची सासू.

शायेनांत सासू-जावयाने एकमेकांकडे पाहायचं नाही, बोलायचं नाही, तोच मान. मुखियाच्या पोरांना मिसरूड फुटली, तरी दोघांत एक शब्द झाला नव्हता. आताही ती पाठ फिरवून उभी राहिली. त्याच्यामागे घोडीवर बसणं तिला मरणाहून अवघड होतं.

पण जावयाने चारचौघांदेखत घोडा दिला, की हे बंधन सुटे. मुखियाकडे एवढी एकच घोडी उरली होती, आणि तिच्यावर त्याचा फार जीव. क्षणभर त्याने तिच्या मानेवर हात ठेवला. मग खाली उतरून तो पलीकडे ऐकू जाईल असा ओरडला, “ऐका सगळे. ही घोडी मी सासूबाईंना दिली.”

पलीकडून एकच हाकारा उठला. त्याने रानवेलला उचलून घोडीवर बसवलं आणि लगाम धरून छातीभर पाण्यात शिरला. मागे बंदुका वाजू लागल्या. मध्यधारेत त्याचे पाय सुटायला लागले, तोच वरून कडाडून आवाज आला.

“पोरा, डावीकडून ओंडका येतोय. लगाम सोड, शेपूट धर.”

त्याने सोडला. झाडाचं भलंमोठं खोड त्याच्या खांद्याला घासून गेलं. हाती आलेली शेपूट त्याने घट्ट धरली, आणि घोडीने दोघांना ओढत काठावर आणलं. सैनिकांची धाव त्या पाण्यापाशीच संपली.

पुढे म्हातारपणापर्यंत भुरा ससाणा सासूला विचारल्याशिवाय तळ हलवत नसे, असं सांगतात.

आजही वसंतात नवे जावई इथे सासूला घोडीवर बसवतात आणि शेपूट धरून मागून पाण्यात उतरतात. ढोल घुमतात, पोरं ओरडतात. घोडी काठाला लागली की मात्र सगळे गप्प होतात. सासू जावयाशी पहिलं काय बोलते, ते प्रत्येकाला ऐकायचं असतं.