कोणाच्याच हाताचा नसलेला आवाज

एका राज्यात राजा निवर्तला होता आणि राणी धारावती सिंहासनावर बसत होती. तिथे एक मांत्रिक आला. त्याने अर्धे राज्य मागितले. राणीने नकार दिला. "बरे," एवढेच तो म्हणाला. आणि गवाक्षाशी उभी असलेली राजकन्या हेमांगी आवाज होऊन खाली नगरात उतरून गेली.

महालातल्या साळुंकीने ते पाहिले होते.

"राणीसरकार, राजकन्या तांबट आळीत आहे. तिथल्या रोजच्या आवाजांतला एक आवाज झाली आहे. आपल्या हाती तीन हाका."

"आणि हाक चुकली तर?"

"ज्याला चुकून हाक माराल तो आवाज मुका होईल. शेवटची खरी ठरली तर सारे परत येईल. तीही चुकली तर काहीच नाही."

राणी साधे लुगडे नेसून आळीत राहायला आली; लेक हरवली आहे, एवढेच तिने शेजारी सांगितले. आपली लेक काहीतरी सुंदरच झाली असणार, असे तिच्या मनाने घेतले. देवळाच्या घंटेचा नाद गोड होता. राणीने त्याला हाक मारली. घंटा हलत राहिली, नाद गेला. शेजारच्या पारू तांबटणीची चिमा गात गात पाणी भरी. राणीने त्या गाण्याला हाक मारली. गाणे मध्येच तुटले. पोरीचे ओठ तेवढे हलत राहिले.

पारू दारात येऊन उभी राहिली. "तुझी हरवली म्हणून माझी मुकी करायची होय गं?"

"चुकले मी."

"चुकले म्हणे! आळीत येऊन चार दिवस झाले नाहीत, अन् हाका कसल्या मारतेस? आधी ऐक तरी!"

राणी उंबऱ्यावर बसली आणि ऐकू लागली. हंड्यावर पडणारे सावकाश ठोके थोरल्या तांबटाचे, घाईचे ठोके त्याच्या भावाचे. करकरतो तो आडाचा रहाट. कोरडा खोकला कोपऱ्यावरच्या पिंजाऱ्याचा. आवाज आला की ती उठे, त्याच्या दारी जाई आणि त्यामागचा हात पाहून येई. पावसाळा सरला, थंडी पडली. एकेका आवाजाला त्याचे माणूस मिळत गेले.

एक तेवढा उरला. सुपात धान्य पाखडल्याचा.

"तो होय? पलीकडच्या यमुनेचा," पारू म्हणाली. "सदा पाखडत असते मेली."

"माझा?" यमुना म्हणाली. "माझं सूप कधीच फाटलंय. पारूच असेल, तिला काय धंदा!"

साऱ्या आळीने असेच सांगितले. जो तो म्हणे, शेजारचा. राणी घरोघर फिरली. आवाज येत होता आणि एकाही हातात सूप नव्हते.

राणी आवाजाच्या दिशेने वळली. हाक एकच उरली होती, आणि ती एकट्या हेमांगीसाठी नव्हती.

"हेमे," ती म्हणाली. "ये गं बाळा."

पाखडणे थांबले. राजकन्या समोर उभी होती. केसांत धान्याचा कोंडा भरलेला.

"आई, किती उशीर केलास."

देवळात घंटा वाजली. दूर रानात मांत्रिकाचे मंत्र त्याच्या जिभेवरच विरले, आणि तो साधा म्हातारा होऊन राहिला.

राणीने लेकीला पोटाशी धरले. पण तिचे कान पारूच्या दाराकडे लागले होते. आत सामसूम होती.

"आये, भाकर दे की!"

"ओरडतेस कशाला, मी काय बहिरी आहे?" पारू म्हणाली, आणि भाकर थापल्याचा आवाज येऊ लागला.

तेव्हा कुठे राणी रडली.