उलटी बसलेली कानस

फार पूर्वी, जेव्हा कोंबड्यांना बोलता येत होतं आणि माणसांना ऐकायला सवड नव्हती, तेव्हाची ही गोष्ट.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथं रखमाजी नावाचा कुलपं करणारा कारागीर राहत असे. घराची मागची पडवी हाच त्याचा कारखाना. त्याची कुलपं अशी पक्की, की चोर दारापर्यंत यायचे, कुलूप बघायचे आणि शेजारच्या गावाची वाट धरायचे. रखमाजीला याचा अभिमान होता. खरं सांगायचं तर जरा जास्तच होता.

गावाची एक रीत होती. खंडेनवमीला सगळे कारागीर आपापली हत्यारं देवीपुढे पूजेला मांडायचे आणि शेजारी त्या सणासाठी नव्यानं केलेली एखादी वस्तू ठेवायचे. ज्याच्याकडे ठेवायला वस्तू नसेल, त्यानं आपलं हत्यार देवळातच सोडून यायचं. हात थरथरू लागल्यामुळं मागल्या खंडेनवमीला फण्या करणाऱ्या म्हाताऱ्या येसूबावर ही पाळी आली होती. बिचारा रिकाम्या हातांनी देवळाच्या ओट्यावर बसून राहायचा. तेव्हा रखमाजी भर चावडीत म्हणाला होता, "हात गेला की कारागीर संपला."

आता बोलणाऱ्याला कुठं ठाऊक असतं, की आपलेच शब्द फिरून आपल्याच दारात येणार आहेत!

त्या वर्षी गावानं रखमाजीला खंडेनवमीसाठी धान्याच्या कोठाराचं कुलूप करायला सांगितलं. कुलूप झालं, किल्ली तेवढी राहिली, आणि रखमाजी तापानं आजारी पडला. ताप उतरला, पण मनगटातला कंप काही जाईना. हातात कानस धरली की ती थरथरायची. किल्लीचे दाते सरळ कापले जायचे नाहीत. एकामागून एक किल्ल्या वाया जाऊ लागल्या आणि खंडेनवमी जवळ येऊ लागली.

"आवं, किल्ली दुसऱ्या कुणाकडनं करून घ्या की," त्याची बायको चिमाबाई म्हणाली.

"माझ्या कुलपाला दुसऱ्याची किल्ली? त्यापरीस कोठार उघडं राहिलेलं बरं!"

असं तोऱ्यात म्हणाला खरा, पण चिमाबाईची पाठ वळताच त्याचे डोळे भरून आले. लहानपणापासून ज्या कानशीनं त्याला ओळख दिली, ती आता देवळात सोडून यायची होती. मग हा सगळा पसारा तरी कशाला ठेवायचा? त्यानं रागारागानं पडवी आवरायला घेतली.

कोपऱ्यात, फाटक्या गोणपाटांखाली, एक जुनं यंत्र होतं. ते त्याच्या मामाचं. मामाच त्याचा गुरू. मामा गेल्यावर ते बैलगाडीतून रखमाजीकडे आलं होतं. पायानं पावडी दाबली की खालचं चाक फिरायचं आणि लोखंडी पाटाच्या भोकातून उभी कानस खालीवर व्हायची. वरून एक वाकडी कमान पाटावर आली होती. तिला एक पकड होती, ती रखमाजीला नुसती शोभेची वाटली होती. यंत्र आलं तेव्हा त्यात कानस नव्हती. रखमाजीनं स्वतःची बसवली. पण काम पाटावर ठेवलं की यंत्र ते वर उडवून द्यायचं. एकदा पितळेची पट्टी उडून थेट त्याच्या कपाळाला लागली. "माजोरडं आहे!" असं म्हणून त्यानं त्यावर गोणपाटं टाकली, ती आजतागायत.

त्या गोणपाटांवर घरची कवडी नावाची कोंबडी बसली होती.

"ऊठ! हे लोहाराकडं वितळवायला द्यायचंय," रखमाजी म्हणाला.

"उठते की. पण उठायचंच जिवावर येतंय," कवडी कुरकुरली. "तुझी ती कानस गोणपाटातनं वर आलीय. चढताना अंगाला लागते, पण काही करत नाही. उतरताना मात्र पिसं उपटती. रोज सांगते, ऐकतंय कोण!"

रखमाजी हसणार होता, पण हसू तोंडातच राहिलं. चढताना काही नाही आणि उतरताना उपटते? त्यानं गोणपाटं बाजूला केली आणि कानशीवर बोट फिरवलं. बोट वर जाताना गुळगुळीत गेलं. खाली येताना अडलं.

म्हणजे कानशीचे दात वर तोंड करून होते! यंत्र वर जाताना कापत होतं, मग ते काम वर उडवणार नाही तर काय करणार? हातातल्या कानशीची मूठ आपल्याकडे असते. त्याच सवयीनं रखमाजीनं मुठीकडचं टोक खाली बसवलं होतं. ते टोक वर हवं होतं, आणि वरची ती शोभेची पकड त्यासाठीच होती.

"इतकी वर्षं मी त्याला शिव्या घातल्या," तो हळूच म्हणाला, "आणि उलटा मीच होतो."

त्यानं कानस उलटी करून वरच्या पकडीत आवळली, तेलपाणी केलं आणि पावडी दाबली. आता कानस खाली जाताना कापत होती आणि काम पाटावर दाबून धरत होती. दोन्ही तळवे पाटावर टेकल्यावर मनगटाचा कंपही थांबला. रखमाजी लहान पोरासारखा रडला. तरी पहिली किल्ली बिघडलीच, कारण आनंदाच्या भरात पाय सुसाट सुटला होता.

चिमाबाई दारातून बघत होती. ती म्हणाली, "जातं फिरवताना मी काय पळत सुटते व्हय? सावकाश घ्या की!"

त्यानं सावकाश घेतलं. दुसरी किल्ली साधली.

खंडेनवमीला देवळात पाटलांनी किल्ली फिरवली आणि कुलूप पहिल्याच फेऱ्याला उघडलं. कुणी तरी पुटपुटलं, "यंत्राचं काम हे, हाताचं कुठं?" मागल्या वर्षी रखमाजीही हेच बोलला असता. आज त्यानं आपली चूक, कोंबडीची कुरकुर आणि बायकोचा सल्ला, सगळं काही न लपवता सांगितलं. लोक खूप हसले, तोही हसला.

मग तो देवळाच्या ओट्यावर गेला. "येसूबा," तो म्हणाला, "मी नको ते बोललो होतो. उद्या माझ्या पडवीत या. ते यंत्र फण्यांचे दातेबी कापंल."

म्हाताऱ्यानं आपल्या थरथरत्या हातांकडे पाहिलं. मग पुजाऱ्याकडे पाहिलं. पुजारी गाभाऱ्यात गेला आणि वर्षभर देवीपुढे पडलेली येसूबाची कानस घेऊन आला. देवळातून हत्यार घरी परत गेलं, असं त्या गावात पहिल्यांदाच घडलं.

पुढे त्या पडवीत ते दोघं कारागीर आळीपाळीनं पावडी दाबत बसू लागले. कवडीला मऊ पेंढ्याची नवी पाटी मिळाली, आणि ती काही कुरकुरली की रखमाजी आधी हातातलं काम थांबवायचा.

म्हणून मुलांनो आणि थोरांनो, अवजाराला नावं ठेवण्याआधी ते आपणच उलटं बसवलेलं नाही ना, एवढं पाहावं.