उंबऱ्यावर हरवलेले आवाज

एका डोंगराळ जिल्ह्यात एकदा माणसांचे आवाज हरवू लागले. रुग्णवाहिकेसाठी कुणी फोन करावा, आणि गावाचं नाव नेमकं मधेच विरून जावं. "हॅलो, बाई अडलीय हो, आम्ही..." आणि पुढे नुसती खरखर.

हे फोन जिथे येत, त्या मदत केंद्राचे संगणक शाल्मली सांभाळत असे. बोलणाऱ्याचा आवाज बारीक बारीक पुडक्यांत बांधून तारेतून येतो. त्यातली काही पुडकी गळत होती. तिने तारा बदलल्या, जोडण्या तपासल्या, पण छे! गळती काही थांबेना. यंत्रांच्या गार खोलीत दिवसभर एकच मंद घुमारा चाले, हिरवे दिवे लुकलुकत, आणि डोळे मिटले की ते अर्धे आवाज तिला धुक्यात भटकताना दिसत. आपल्यापायी कुणाचा तरी जीव जाईल, या भीतीने तिला अन्न गोड लागेना.

तिथे एकाच मोठ्या संगणकाच्या पोटात अनेक आभासी संगणक नांदत, आणि प्रत्येकाला वाटे, हे घर आपलं एकट्याचं. फोन घेणारा त्यातलाच एक. तो बिचारा थकला असेल, म्हणून शाल्मलीने मोठ्या मायेने त्याचे प्रोसेसर, म्हणजे काम करणारे मेंदू, चाराचे आठ केले. आता सांगा, तुम्ही-आम्ही तरी दुसरं काय केलं असतं? गळती मात्र वाढली.

शेवटी तिने आपल्या गुरूंना, निवृत्त झालेल्या नानांना, बोलावलं. नाना खुर्चीत टेकले. कुणाला किती प्रोसेसर दिलेत ते त्यांनी विचारून घेतलं आणि डोळे मिटून तो घुमारा ऐकला. मग म्हणाले, "त्या फोन घेणाऱ्याला दोनच प्रोसेसर ठेव."

"अहो नाना, काहीतरीच काय! तो आधीच मेटाकुटीला आलाय."

"ठेव तर खरं."

तिने फोन तेवढ्यापुरते शेजारच्या केंद्राकडे वळवले. सांगितलं तसं केलं आणि फोन परत घेतले. गळती थांबली. "असं कसं हो?" तिने विचारलं.

"अगं, लग्नाच्या पंगतीत आठ जणांना एकदमच बसायचं असलं, की आठ पाट रिकामे होईस्तोवर ताटकळावं लागतं," नाना म्हणाले. "दोघं कुठेही सामावतात. खरे प्रोसेसर सगळ्यांत मिळून मोजकेच. तुझा हा लाडका आठही जागा एकदम मिळायची वाट पाहत झोपून राहायचा. आवाज दारापर्यंत सुखरूप येत होते, बाळ. दार उघडायलाच कुणी जागं नसायचं. उंबऱ्यावर जागा ती केवढीशी! तिथून ते सांडून जायचे."

"आणि मी त्याला अजून दिलं," शाल्मली पुटपुटली.

"मायेनंच दिलंस गं."

इतक्यात दारापलीकडच्या टेबलावर फोन वाजला आणि स्पीकरवर आवाज आला. "कातळवाडी, शाळेमागचं घर. वडील पडलेत, लवकर या." अक्षर न् अक्षर आलं. "निघालीच गाडी, दादा," टेबलावरची बाई म्हणाली. शाल्मलीला रडूच फुटलं.

त्या आठ पाटांसारखी सगळी सवड एकदम मिळाली की आईला भेटायला जाऊ, असं म्हणत थांबलेल्यांनी आज घटकाभर तरी जाऊन यावं.