हत्तीच्या चित्राची चौकट

सागदरा गावात कुठल्याही घरात शिरा, आधी हैबती सुताराची चौकट लागायची. दारांच्या चौकटी करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. हे गावाला ठाऊक होतं आणि हैबतीला जरा जास्तच ठाऊक होतं. कुणाकडे जेवायला गेला तरी आधी उंबऱ्यावर थांबून आपल्याच नक्षीवरून हात फिरवायचा. आत भात गार व्हायचा, पण ह्याचं कौतुक काही संपायचं नाही!

एकदा फुटाणे भाजून विकणारी सगुणामावशी त्याच्याकडे आली. तिच्या काखेत कापडाची गुंडाळी होती. तिने ती जपून उलगडली. कापडावर चित्र रंगवलेलं होतं. फार वर्षांपूर्वी राजाचा हत्ती सागदऱ्यावरून गेला, तेव्हा एक फिरता चितारी मावशीच्या ओसरीवर मुक्कामाला होता. त्याने भर बाजारातला तो हत्ती रंगवला आणि जाताना चित्र मावशीला देऊन गेला.

“कडा उसवायला लागल्यात रे, हैबती,” मावशी म्हणाली. “ह्याला चांगली चौकट कर. भिंतीवर लावते. दिसतंय तोवर डोळे भरून बघेन.”

चित्राची चौकट हैबतीने जन्मात केली नव्हती. पण तसं कबूल करेल तर तो हैबती कसला?

“चौकट म्हणजे चौकट,” तो म्हणाला. “दाराची काय नि चित्राची काय! दसऱ्याला घेऊन जा, मावशी.”

त्याच्या मनात आणखीही एक गोष्ट होती. गावच्या देवळाला नवं दार बसवायचं होतं आणि ते काम कुणाला द्यायचं ह्याचा पाटील विचार करत होते. हैबतीला वाटलं, ही चौकट अशी करावी की पाटलांनी तोंडात बोट घातलं पाहिजे. त्याने वडिलांनी जपून ठेवलेलं जुनं सागवानी लाकूड काढलं. चार पट्ट्या रंधून घेतल्या. त्यांवर वेली कोरल्या, वेलींवर पोपट बसवले, कोपऱ्याकोपऱ्यात कमळं फुलवली. पट्ट्यांची टोकं तिरकी कापून सरसाने अशी जोडली की सांध्यात केससुद्धा जाऊ नये. मग जवसाचं तेल चोळचोळून लाकडाला झळाळी आणली. रस्त्याने जाणाऱ्याला हाका मारमारून आत बोलवायचा आणि म्हणायचा, “दसऱ्याला या. हत्ती बघायला नाही, चौकट बघायला!”

सगळं झाल्यावर त्याने चित्र चौकटीवर ठेवलं आणि बघतो तर काय! चौकट लहान झाली होती.

असं कसं झालं? अहो, दाराची चौकट भिंतीत बसते, म्हणून तिचं माप बाहेरच्या अंगाने घेतात. चित्राच्या चौकटीत चित्र आत बसतं, म्हणून तिचं माप आतल्या अंगाने घ्यायचं असतं. हैबतीने हयातभराच्या सवयीने बाहेरून माप घेतलं होतं. शेंबड्या पोरानेही केली नसती अशी ही चूक, आणि ती केली गावातल्या सगळ्यात हुशार सुताराने!

चौकट मोठी करता येत नाही. सागवानही संपलं होतं. हैबती चित्राकडे बघत बसला. मधोमध हत्ती, अंगावर झूल, वर माहूत. वरच्या कडेला नुसतं आभाळ, खाली नुसती धूळ, डावीकडे एक भिंत. उजव्या कडेला तेवढी एक पोरगी होती, कमरेवर घागर घेतलेली, अर्धीमुर्धी दिसणारी. कापड दुमडावं तर रंगाचे पोपडे उडाले असते. कापणं एवढा एकच उपाय होता.

‘कडेकडेने थोडं थोडं छाटलं तर बिघडलं काय?’ त्याने स्वतःला समजावलं. ‘हत्ती तर अख्खा राहतोय. लोक हत्तीच बघणार. आणि मावशीला तरी आता कुठं नीट दिसतंय?’

त्याने पटाशीला धार लावली. चित्र पाटावर पसरलं. उजव्या कडेवरची धूळ पुसायला म्हणून फडकं फिरवलं, आणि त्याचा हात थांबला. त्या पोरीच्या गालावरचा रंग गुळगुळीत झिजलेला होता. बाकी सगळं चित्र खरखरीत, फक्त तेवढीच जागा गुळगुळीत. हैबतीने आपल्या पटाशीची मूठ पाहिली. तीही अशीच झिजलेली होती. जिथं रोज हात फिरतो, तिथंच वस्तू अशी झिजते, हे सुताराला वेगळं सांगावं लागत नाही.

तो तसाच उठला आणि मावशीच्या भट्टीवर गेला. पण खरं बोलायला जीभ रेटेना.

“मावशी, चित्राच्या कडा कुजल्यात,” तो म्हणाला. “जराशा छाटाव्या लागतील. हत्तीला धक्का लागणार नाही.”

कढईतली वाळू हलवणारा मावशीचा हात थांबला.

“हत्ती काप,” ती म्हणाली.

“काय म्हणालीस?”

“हत्ती काप. सोंड काप, पाय काप, काय हवं ते काप. उजव्या कडेला हात लावू नकोस. ती माझी लेक आहे, माझी वेणू.”

मग मावशीने सांगितलं. चितारी हत्ती रंगवत होता आणि वेणू घागर घेऊन सारखी मध्येमध्ये येत होती. शेवटी चितारी हसला आणि म्हणाला, ये बाई, तूही उभी राहा. कापडाच्या कडेला जेवढी जागा उरली होती, तेवढ्यात त्याने तिला बसवलं. त्याच पावसाळ्यात वेणू तापाने गेली.

“तिचं दुसरं काही राहिलं नाही रे माझ्यापाशी,” मावशी म्हणाली. “सकाळी भट्टी पेटवायच्या आधी तिच्या गालाला हात लावून येते. मग दिवस जातो.”

हैबतीला रडू आलं. लाजही वाटली, आणि लाज जास्त वाटली.

“मावशी, कडा कुजलेल्या नाहीत,” तो म्हणाला. “मी खोटं बोललो. माझंच माप चुकलंय. चौकट लहान झाली.”

मावशीने त्याच्याकडे बघितलं. “मग बाबा, चौकट बदल की,” एवढंच ती म्हणाली आणि पुन्हा कढई हलवू लागली.

हैबती घरी आला. लाकूड शोधून शोधून थकला आणि शेवटी त्याची नजर स्वयंपाकघरातल्या मांडणीवर गेली. आंब्याची जुनी, चांगली वाळलेली फळी! त्याने डबे खाली उतरवायला सुरुवात केली.

“अहो, आता हे डबे मी डोक्यावर घेऊन उभी राहू का?” बायको ओरडली.

“चार दिवस राहा,” हैबती म्हणाला. “मी एका पोरीला उभं राहायला जागा करतोय.”

बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि उरलेले डबे स्वतःच उतरवले.

ह्या वेळी त्याने माप आतल्या अंगाने घेतलं, आणि पुन्हा घेऊन बघितलं. पट्ट्या अरुंद ठेवल्या. नक्षी नाही, पोपट नाहीत. चित्र धरून ठेवायला मागच्या अंगाने खाच पाडावी लागते आणि खाचेपुढे उरलेला लाकडाचा ओठ चित्राची कड थोडीतरी झाकतोच. म्हणून त्याने चित्राच्या मागे एक मोठं कोरं कापड लावलं आणि त्या कोऱ्या कापडाची किनार ओठाखाली घातली. चित्राचा एक धागाही झाकला गेला नाही. वेणूच्या बाजूला तर त्याने कोरी जागा जरा जास्तच सोडली.

दसऱ्याला सगळं गाव हैबतीकडे जमलं. पाटील आले. त्यांनी साध्या चौकटीतलं चित्र बघितलं, मग कोपऱ्यात टेकवलेली कोरीव चौकट बघितली.

“हिच्यात चित्र का नाही बसवलं?” त्यांनी विचारलं.

सबबी पुष्कळ सांगता आल्या असत्या. हैबती म्हणाला, “बसत नाही, पाटील. माझं माप चुकलं.”

लोक हसले. पाटीलही हसले आणि म्हणाले, “मापात चुकणाऱ्याच्या हाती देवाचं दार कसं द्यायचं, हैबती?” देवळाचं काम शेजारच्या गावच्या सुताराला गेलं. हैबतीला वाईट वाटलं. वाटणारच हो, माणूसच तो.

तेवढ्यात मावशी पुढे आली. तिने चौकटीकडे बघितलंसुद्धा नाही. तिचं बोट सरळ वेणूच्या गालावर गेलं, तिथून पुढे कोऱ्या कापडावर, तिथून लाकडावर, आणि परत गालावर आलं.

“इतकी वर्षं पोर कडेला अवघडून उभी होती,” ती म्हणाली. “आज नीट उभी राहिली बघ.”

मघाशी हसलेल्यांतला एकेक जण पुढे येऊन वाकून त्या पोरीकडे बघू लागला. हत्ती मधल्या मध्ये राहिला. चौकटीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदाच हैबतीला त्याचं काही वाटलं नाही. पुढे सागदऱ्यात कुणी ते चित्र बघायला निघालं की म्हणायचं, “चला, वेणूला भेटून येऊ.”

कोरीव चौकट हैबतीने आपल्या कामाच्या जागी रिकामीच टांगून ठेवली. नवं गिऱ्हाईक आलं की तो आधी तिच्याकडे बघायचा आणि मग न चुकता म्हणायचा: “ह्यात तुमचा जीव कुठं आहे, ते आधी दाखवा. माप मी नंतर घेतो.”

तात्पर्य: दुसऱ्याची वस्तू हाती आली की त्याचा जीव तिच्यात कुठं गुंतलाय ते आधी विचारावं, आपलं काम कितीही देखणं असलं तरी मोडायचं झालं तर तेच मोडावं, दुसऱ्याचा जीव कापू नये.